परिच्छेद चौऱ्याऐंशी

६ जानेवारी, मंगळवार

संशोधक! मला संशोधक केलं!

यादी दुपारी दीडला लागली. पहिला वक्ता — आमच्या वर्गातला भोंगा. दुसरी वक्ता — ऑब्लाइज्ड. आणि तिसऱ्या ओळीत, अगदी तळाला, मी. म्हणजे मूट कोर्टात, या लुटुपुटीच्या कोर्टात, ते दोघं काळे कोट घालून न्यायाधीशांपुढे मिरवणार आणि मी शेजारच्या टेबलावर तोंड शिवून बसणार. संशोधकाला बोलायची परवानगी नाही. वक्त्याला चिठ्ठी सरकवायची, एवढीच काय ती मुभा. तीन वर्षं वर्गात पहिली येतेय ती चिठ्ठ्या सरकवायला!

तडक मूट कोर्टाची तयारी घेणाऱ्या सरांकडे गेले. ते म्हणाले, "तुझं वाचन सगळ्यांत जास्त, त्यात वादच नाही. पण प्रश्न विचारला की तुझा चेहरा असा होतो, की न्यायाधीशांनाच आपण नापास झाल्यासारखं वाटतं." मग विचारू नयेत ना बावळट प्रश्न!

भोंग्याची निवड कशी झाली तेही लिहून ठेवते, पुढे कुणाला खरं वाटायचं नाही. निवड चाचणीत त्याला एक साधा प्रश्न विचारला. हा उभा राहिला, खोकला, आणि म्हणाला, "मला माहीत नाही, युअर लॉर्डशिप." परीक्षक खूश! काय तर म्हणे प्रामाणिक! माहीत नाही म्हणायला गुण मिळतात हे आधी कळलं असतं तर मी तीन वर्षं लायब्ररीत डोळे फोडले नसते.

आई म्हणाली, "अगं, निवड तर झाली ना?" या घरात कुणाला काही समजावून सांगणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

७ जानेवारी, बुधवार

नाव मागे घ्यायला निघाले होते. घेतलं नाही. मी नसले तर हे दोघं पहिल्याच फेरीत तोंडावर आपटतील, आणि ते बघायला मी तिथे नसेन.

११ जानेवारी, रविवार

स्पर्धेचा खटला आला. एका बस कंपनीने ड्रायव्हरच्या केबिनमध्ये कॅमेरा बसवला. एक ड्रायव्हर, बस डेपोत उभी असताना, सुटीच्या अर्ध्या तासात, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. कंपनीने ते चित्रण बघितलं, 'मानसिकदृष्ट्या अयोग्य' असा शेरा मारला आणि त्याला काढून टाकलं. ड्रायव्हर कोर्टात गेला. बस.

आम्ही दोन्ही बाजू तयार करायच्या. एका फेरीत ड्रायव्हरतर्फे, दुसऱ्या फेरीत कंपनीतर्फे. सकाळी ज्याच्यासाठी गळा काढायचा, दुपारी त्यालाच नालायक ठरवायचं. दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद — ज्याला मेमोरियल म्हणतात — मीच लिहायचे. उघड आहे. दुसरं कोण लिहिणार?

आज पहिली बैठक झाली. ऑब्लाइज्ड नवीन वही आणि पाच रंगांची पेनं घेऊन आली. हिचं नाव ऑब्लाइज्ड पडलं कारण प्रत्येक वाक्याआधी "मच ऑब्लाइज्ड, युअर लॉर्डशिप" म्हणते. परवा कँटीनवाल्याने कप पुढे सरकवला तर त्यालाही म्हणाली! आणि भोंगा म्हणजे आवाजच. फाटकापाशी बोलला तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मात्र शेजारी बसूनही कळत नाही.

तासभर खटल्याची चर्चा झाली. भोंग्याने एकच प्रश्न विचारला — "तो रडला का, ते कुठे दिलंय?" कुठेच दिलेलं नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याला काडीचंही महत्त्व नाही. तसं सांगितलं. तरी बसला कागद उलटसुलट करत.

१५ जानेवारी, गुरुवार

आज सापडलं!

लायब्ररीत चार तास. मी कॉम्प्युटरवर शोध लावत होते. समोर भोंगा एका निकालाची छापील प्रत घेऊन, ओळीखाली बोट ठेवून, पहिल्या पानापासून वाचत बसला होता. ओठही हलत होते. मी त्याला म्हटलं, अरे, असं वाचलंस तर स्पर्धा आपल्या नातवंडांना लढावी लागेल. हवा तो शब्द टाक, मशीन थेट परिच्छेदावर नेऊन ठेवतं. म्हणाला, "मला आधीचं कळल्याशिवाय नंतरचं कळत नाही गं."

मी 'कामाची जागा', 'पाळत', 'खासगीपणा' असे शब्द टाकले. टेलिफोन ऑपरेटर मुलींचा एक जुना निकाल वर आला. त्यांच्या बोलण्यावर कंपनी कान लावून बसायची, त्याविरुद्धचा. तीन न्यायाधीश. परिच्छेद चौऱ्याऐंशी. त्यात हे वाक्य — 'कामाच्या जागी माणूस पगार घेतो, स्वतःला विकत नाही.'

अंगावर काटा आला. खरंच आला. मी सहसा असल्या वाक्यांना भुलत नाही, वाक्यं फुलवणं हा भोंग्याचा प्रांत. पण हे वाक्य म्हणजे आमच्या ड्रायव्हरसाठीच कुणीतरी लिहून ठेवल्यासारखं होतं. तिथल्या तिथे उतरवून घेतलं. आता ड्रायव्हरच्या बाजूचं सगळं मेमोरियल या एका परिच्छेदावर उभं करायचं.

भोंगा तोवर चौथ्या पानावर पोचला होता.

१९ जानेवारी, सोमवार

अंतिम फेरीच्या मुख्य न्यायाधीश म्हणून मोठ्या वकीलबाई येणार!

सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा मी चेहरा कोरा ठेवला. वकीलबाई दरवर्षी एकालाच ज्युनिअर म्हणून घेतात, आणि तो एकजण त्या याच स्पर्धेतून उचलतात. बहुतेक वेळा ज्याचं मेमोरियल पहिलं येतं त्याला. वक्त्याला नाही! "बोलणारे बाजारात खूप मिळतात, वाचणारी माणसं मिळत नाहीत," असं त्या म्हणतात म्हणे. यादीत तळाला नाव लागलं ते बरंच झालं की काय!

हे फक्त इथे लिहिते. कॉलेजात कुणालाही माहीत नाही की माझे बाबा कोर्टाच्या व्हरांड्यात बसतात. एक टेबल, एक खुर्ची, समोर पक्षकारांसाठी बाकडं. एकतीस वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतात. आधी टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. पूर्वी त्या व्हरांड्यात पंधरा टेबलं होती, आता तीन उरलीत. वकीलबाई त्यांच्या टेबलावरून रोज जातात. बाबा उठून उभे राहतात. त्या मान हलवतात. एकतीस वर्षं एवढंच.

मला त्या व्हरांड्यातून त्यांच्या शेजारून चालत आत जायचंय. फाइल हातात घेऊन. बाबांनी उठून उभं राहायची गरज पडता कामा नये. यापलीकडे मला काही नको. चषक त्या भोंग्याला लखलाभ.

२४ जानेवारी, शनिवार

दोन्ही मेमोरियल दिली. सुटले!

शेवटचे दोन दिवस नुसता समास, तळटीपा आणि ओळींमधलं अंतर. न्याय वगैरे गेला खड्ड्यात, तळटीप दहाच्या टाइपात हवी! ऑब्लाइज्डने मुखपृष्ठाचा निळा रंग निवडायला एक अख्खी दुपार घालवली. सरांनी वीस वर्षांपूर्वी ते उपांत्य फेरीत कसे पोचले होते ती कथा पुन्हा ऐकवली. दर खेपेला त्यात एक न्यायाधीश वाढतो.

निघताना बाबा म्हणाले, "ताडून पाहिलंस का?" ही त्यांची जुनी खोड. कुठलाही कागद टाइप झाला की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने टाइप केलेल्यावर बघायचं. स्वल्पविरामासकट. त्याशिवाय कागद टेबलावरून हलू देत नाहीत. मी म्हटलं, बाबा, हे काही भाडेकराराचं प्रतिज्ञापत्र नाही. हसले. मला जरा जास्तच बोलल्यासारखं वाटलं, पण ते नेहमी असेच हसतात.

२५ जानेवारी, रविवार

झोपले. दिवसभर झोपले.

२९ जानेवारी, गुरुवार

काय करून बसले मी!

आज बसून न्यायाधीश विचारतील अशा अवघड प्रश्नांची यादी करत होते. कंपनीच्या बाजूने विचार केला — मी कंपनीची वकील असते तर टेलिफोन ऑपरेटरचा निकाल कसा फोडला असता? म्हणून तो निकाल उघडला. या खेपेला शोध न लावता. पहिल्यापासून.

परिच्छेद एक ते एकाहत्तर — दोन न्यायाधीशांचा निकाल. कंपनीच्या बाजूने! बहात्तरपासून तिसऱ्या न्यायाधीशाचं मत सुरू होतं. तो एकटा ऑपरेटर मुलींच्या बाजूने. परिच्छेदांचे आकडे सलग चालू राहतात, मध्ये फक्त एका ओळीत न्यायाधीशाचं नाव बदलतं. मशीनने मला थेट चौऱ्याऐंशीवर नेऊन ठेवलं, आणि मी वर सरकून ती एक ओळ बघितली नाही.

म्हणजे ते वाक्य कायदा नाही. हरलेल्या न्यायाधीशाचं वाक्य आहे. दोघं म्हणतात तो कायदा, तिसरा म्हणतो ते नुसतं मत. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात! आणि मी मेमोरियलच्या सहाव्या, अकराव्या आणि बाविसाव्या पानावर लिहिलंय, 'न्यायालयाने निःसंदिग्धपणे म्हटले आहे.' निःसंदिग्धपणे! उलट तो सगळा निकालच आमच्या ड्रायव्हरच्या विरुद्ध जातो.

नियमावली काढली. शुद्धिपत्र देता येतं, ३ फेब्रुवारीला संध्याकाळी पाचपर्यंत. संशोधकाच्या सहीनिशीच. प्रत्येक चुकीमागे गुण कापणार. अशी तीन ठिकाणं कापली तर मेमोरियल पहिल्या दहात येणार नाही. मग वकीलबाई विसरायच्या.

कुणाला सांगू?

३० जानेवारी, शुक्रवार

कुणालाही सांगायचं नाही. नीट विचार केला.

एक तर कुणी वाचत नाही. परीक्षक मेमोरियलची पानं उलटतात, समास बघतात, तळटीपा मोजतात. ऑब्लाइज्डला सांगितलं तर ती रडेल. सरांना सांगितलं तर ते उपांत्य फेरीची गोष्ट सांगतील. भोंग्याला सांगून तर काहीच उपयोग नाही. तो घाबरेल, आणि घाबरला की आणखी मोठ्याने बोलेल.

आणि ते वाक्य खरंच चांगलं आहे. ज्या दोघांनी निकाल दिला त्यांचं एकही वाक्य लक्षात राहत नाही.

३१ जानेवारी, शनिवार

सराव. भोंगा मध्येच थांबून म्हणाला, "चौऱ्याऐंशी वापरू ना नक्की?" मी म्हटलं, त्याशिवाय आपल्याकडे आहे काय? तो म्हणाला, "नाही, म्हणजे तुला त्यात काही बदलायचं असलं तर अजून वेळ आहे." मी म्हटलं, तू फक्त पाठ कर.

ऑब्लाइज्डने तेवढ्यात खुर्चीला धडकून खुर्चीला सॉरी म्हटलं. अशांच्या जिवावर लढायचंय!

२ फेब्रुवारी, सोमवार

भोंग्याला झालंय तरी काय? आज पुन्हा तेच. माझ्यासाठी चहा घेऊन आला, समोर बसला, कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "तुला काही सांगायचं होतं का?" मला? कशाबद्दल? "नाही, असंच. काही राहिलं असेल तर." पोपटालाही दोनदा सांगितलं की कळतं. मी म्हटलं, राहिलंय ना, तुझा आवाज कमी व्हायचा राहिलाय. हसला. चहा न पिताच उठून गेला.

घरी तर आणखी कमाल. जेवताना बाबा म्हणाले, "उद्याच शेवटची तारीख ना तुमची?" कशाची, असं विचारलं तर म्हणाले, "तुमच्या त्या कागदांची." मीच कधीतरी बोलले असेन. आई म्हणाली, खा गं नीट, किती बारीक झालीस. बाबांनी जेवण अर्धं टाकलं. आजकाल त्यांचं जेवण कमीच झालंय.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाच वाजून गेले. झालं.

७ फेब्रुवारी, शनिवार

पहिल्या दोन फेऱ्या जिंकलो, संध्याकाळी उपांत्यही! उद्या अंतिम.

पण आधी राग लिहू दे. सकाळी ड्रायव्हरतर्फे लढलो. पन्नास मिनिटांत भोंग्याने चौऱ्याऐंशीचा उच्चारही केला नाही! सगळं मेमोरियल ज्यावर उभं, तेच गाळलं! त्याऐवजी सुटीचा अर्धा तास हा कामाचा वेळ धरायचा की नाही, एवढं एकच टुमणं लावून बसला. मी तीन चिठ्ठ्या दिल्या. तिन्ही वाचल्या आणि खिशात घातल्या. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणे, "विसरलो." बोट ठेवून वाचणारा माणूस विसरतो!

खरं सांगायचं तर जिवात जीव आला होता. कुणी विचारलंच नाही. पण म्हणून त्याने परस्पर गाळायचं?

दुपारी कंपनीतर्फे ऑब्लाइज्ड बोलली. त्याच ड्रायव्हरला तिने इतक्या गोड आवाजात नालायक ठरवलं की तिघंही परीक्षक माना डोलवायला लागले. या पोरीचं भविष्य उज्ज्वल आहे, आणि तेच भीतिदायक आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

आजच लिहिते.

मोठं सभागृह. मंचावर लांब टेबल, हिरवं कापड, तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत वकीलबाई. त्यांच्यापुढे आमचं निळं मेमोरियल, आणि त्यातून बाहेर डोकावणाऱ्या पिवळ्या खुणा. किती? मोजल्या — अकरा. त्यांनी वाचलं होतं!

आम्ही ड्रायव्हरतर्फे. भोंगा उभा राहिला. दहा मिनिटं बरी गेली. मग वकीलबाईंनी चष्मा काढला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "तुमच्या लेखी युक्तिवादातला परिच्छेद चौऱ्याऐंशी मला फार आवडला. जरा वाचून दाखवा. आणि तो कुणी लिहिलाय तेही सांगा."

भोंग्याने माझ्याकडे बघितलं. घाबरून नाही. नुसतंच बघितलं. मी चिठ्ठी लिहिली. काय लिहिलं ते इथे तरी खरं लिहायला हवं — 'बहुमतच म्हण. पुढे चल.' ऑब्लाइज्डच्या हातून ती त्याच्यापर्यंत गेली. त्याने वाचली, घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली.

आणि म्हणाला, "युअर लॉर्डशिप, हा परिच्छेद अल्पमतातला आहे. एकट्या न्यायाधीशाचा. आम्ही तो न्यायालयाचा निकाल म्हणून दाखवला. ती आमची चूक आहे. मी तो मागे घेतो, आणि त्याच्यावर आधारलेली आमच्या युक्तिवादातली तिन्ही ठिकाणंही." मग पान उलटून तो दोघांचा निकालच घेऊन बसला. तो आपल्या विरुद्ध आहे हे कबूल करून, तरी सुटीच्या अर्ध्या तासाला कसा लागू होत नाही, हे सांगत राहिला. आवाज अजिबात चढवला नाही.

हरलो. तीन गुणांनी. मेमोरियलचं बक्षीस तिसऱ्याच कॉलेजला.

सभागृहाबाहेर मी त्याला वाट्टेल ते बोलले. आमच्या सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलंस, हुशारी दाखवायची खाज आहे तुला, कुणी सांगितला होता हा शहाणपणा? ऑब्लाइज्ड रडत होती. तो ऐकून घेत होता.

तेवढ्यात मागून हाक आली. वकीलबाई! माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ती चिठ्ठी तुम्ही दिलीत ना?" मी हो म्हटलं. "मी बघत होते. प्रश्न विचारल्याबरोबर तुम्ही लिहिलीत, त्यांनी वाचली, आणि लगेच चूक कबूल केली. भर कोर्टात सीनिअरला 'आपण चुकलोय, मागे घ्या' असं सांगणारा ज्युनिअर मला हवा असतो. पंचवीस वर्षांत दोन मिळाले. सोळा तारखेपासून ऑफिसला या."

भोंगा तिथेच उभा होता. चिठ्ठी त्याच्या खिशात होती. त्याने हात खिशाकडे नेलासुद्धा नाही. म्हणाला, "अभिनंदन," आणि ऑब्लाइज्डची बॅग उचलून चालायला लागला.

आणि मी — मी वकीलबाईंना थँक्यू म्हटलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

घरी सांगितलं. आईने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, "कशामुळे घेतलं त्यांनी?" मी म्हटलं, संशोधनामुळे. ते "अस्सं" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. एकतीस वर्षं ज्या बाईंसाठी उठून उभे राहिले, त्यांच्याकडे मुलगी जाणार, आणि नुसतं अस्सं! या माणसाला आनंदसुद्धा ताडून बघितल्याशिवाय होत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

भोंगा कॉलेजात दिसला. टाळलं. खरं तर त्यानेच आधी हात केला होता.

मी काही खोटं बोललेले नाही. त्यांनी विचारलं, चिठ्ठी तुम्ही दिली का. मी दिली होती. आत काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही. वकिलाने विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं असतं.

असल्या युक्तिवादावर मी भोंग्याला उभं फाडलं असतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांचा चष्मा घरी राहिला म्हणून दुपारी व्हरांड्यात द्यायला गेले. ते एका वकीलसाहेबांकडे आत गेले होते. चष्मा खणात ठेवावा म्हणून खण उघडला. वरच एक पारदर्शक पिशवी, आत एकच कागद. 'शुद्धिपत्र. पृष्ठ ६, ११ व २२. परिच्छेद ८४ हे अल्पमत असून...' खाली तारीख, ३० जानेवारी. त्याखाली माझं नाव, पूर्ण, बाबांच्या टाइपात. नावावरची सहीची जागा कोरी.

बाबा मागे येऊन उभे होते. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. "एक मुलगा आला होता, मोठ्या आवाजाचा. टाइप करता करता खाली तुझं नाव आलं, म्हणून मी त्याला म्हटलं, ही माझी मुलगी. तो पैसे काढता काढता थांबला. मग म्हणाला, काका, हे तुमच्याकडेच राहू द्या. तिच्या लक्षात आलंय बहुतेक, ती स्वतःच येईल सही करायला. मी म्हटलं, येईल."

कागद घेऊन, आणि त्या चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते न विचारता सांगायला, मी वकीलबाईंच्या ऑफिसच्या पायऱ्या चढले. सही त्यांच्या दारात उभं राहून केली. तारीख आजची घातली.